तळ्यात आधी कोणी उतरायचं

नाबेरी, ९ मार्च १९९८

दादा,

साष्टांग कागदावरच घालतो. इथल्या अंगणात खरोखर घातला की शेळ्या पाठीवरून चालत जातात.

एक गंभीर तक्रार आहे. दर दिवाळीला तू मला पंचांग पाठवतोस. सोबत चिठ्ठी नसते, ‘खुशाल’ एवढा शब्दही नसतो, पण तक्रार त्याबद्दल नाही. अकरा वर्षांत त्याची सवय झाली. तक्रार सूर्योदयाची आहे. तुझ्या पंचांगातला सूर्य आपल्या आळीवर उगवतो आणि नाबेरीला यायला साडेपाच तास लावतो. तेव्हा माझ्या आजवरच्या एकादश्यांपैकी शास्त्रशुद्ध किती आणि नुसत्याच उपाशी किती, याचा निर्णय कोणी द्यायचा? न्यायशास्त्र तू शिकलास, उपास मी केले. ही वाटणी मला मान्य नाही.

मंगलाचरण संपलं. आता विषय. आमच्या राजाला नारू झाला आहे.

हा शब्द तुला लिहिताना हात अडखळला. आपल्या दोघांत तो अकरा वर्षं पुरून ठेवलेला आहे. पण इथे एकोणीस वर्षं हातपंप बसवत आणि दुरुस्त करत फिरणाऱ्या माणसाला तो टाळून काही सांगता येत नाही. दोन वर्षांपूर्वी नाबेरीत एकेचाळीस जण एकाच हंगामात नारूने आडवे होते. बाजरी उभी होती, कापणारे निजलेले. मग तळ्याचं पाणी फडक्यातून गाळून प्यायचं ठरलं. नारूचा माणूस पाण्यात पाय घालणार नाही यासाठी तळ्यावर बायकांचा पहारा बसला. (पंप आहे, मीच बसवलाय. पण त्याच्या पाण्याला लोखंडाची चव येते आणि घाटा काळा पडतो. माझ्या कर्तृत्वावर हे मत मला रोज ऐकवलं जातं.) यंदा नारूचे फक्त पाच निघाले. पाचांनाही किडा बाहेर येईपर्यंत पाण्यापासून दूर ठेवलं.

सहावे नाआ दाकुरा. नाआ म्हणजे राजे. हा सहावा पाय कोरडा राहिला तर बहुधा तो नाबेरीचा शेवटचा नारू. पाण्यातून पोटात गेलेला किडा पायातून डोकं काढायला वर्ष लावतो, कधी चौदा महिने. चौदा महिने निष्कलंक गेले की सुटलो. आणि हा पाय पाण्यात गेला की पुन्हा पहिल्यापासून.

तर तीन आठवड्यांनी तळ्यातली वार्षिक मासेमारी आहे. त्या दिवशी नाआ आधी पाण्यात उतरतात, मग गाव. त्याआधी उतरेल त्याला मासा तर नाहीच, बायकोही मिळत नाही म्हणतात. आणि नाआंना ‘तुमचा पाय बरा नाही’ असं कोणी म्हणायचं नसतं. राजा आजारी पडत नाही. फार झालं तर ‘नाआ बसले आहेत’ म्हणतात.

पहाऱ्याची मुख्य अतिपोका नावाची बाई आहे. पन्नाशीची, इथली नव्हे, पूर्वेकडच्या फ्राफ्रा लोकांतली. ज्वारीची दारू गाळते. त्या दारूचं नाव ‘पितो’ आहे. काय करतोस असं विचारलं तर कर्म आणि क्रियापद एका शब्दात आटोपतं.

“नाआंना सांगायचं कोणी?” मी तिला विचारलं.

“तू सांग, पंप्या. परक्याला अक्कल नसते हे इथे सगळ्यांना मान्य आहे. तू चुकलास तरी कोणाला धक्का बसणार नाही.”

उद्यापरवा जातो. तू असतास तर मुहूर्त काढून दिला असतास.

तुझा,
त्र्यंबक


नाबेरी, २० मार्च १९९८

दादा,

गेलो आणि आलो. गेलो तेव्हा बुद्धिमान होतो.

नाआ दाकुरा गाईच्या कातड्यावर बसले होते. सत्तरी ओलांडलेला ताठ माणूस. डावा पाय झग्याखाली. पाच-सात वडीलधारे भिंतीला टेकून बसलेले. थोरल्या राणीने दारातल्या घड्यातून पाणी काढलं, त्यात बाजरीचं पीठ कालवून भोपळ्याच्या तुंब्यातून मला दिलं. हे पीठपाणी आधी घ्यावं लागतं, मग बोलायचं. पाणी नाकारणारा माणूस भांडायला आलेला असतो. घेतलं.

मग मी बोललो. थेट बोलायचं नाही म्हणून लांबून आलो: शेजारच्या तीन गावांत काय झालं, तळ्यात कोण उतरलं, पुढच्या वर्षी किती जण अंथरुणाला खिळले. पूर्वपक्ष, दृष्टांत, उपसंहार, सगळं यथासांग.

“ऐकलं,” नाआ म्हणाले. “त्या तिन्ही गावांची कीव आली.”

“नाआ, पायात किडा असला की आग होते, पाय पाण्यात घातला की बरं वाटतं. पण तेवढ्यात पायातून...”

“कुणाच्या पायातून?”

वडीलधारे जमीन पाहू लागले. एकाने तर जमिनीत बोट घालून काहीतरी शोधायला सुरुवात केली.

“पायातून,” मी म्हणालो. “सर्वसाधारणपणे.”

“बरं. सर्वसाधारण पायांना माझा निरोप सांग. म्हणावं, काळजी घ्या.”

सभा हसली. मीही हसलो, दुसरं काय करणार? पण उठताना त्यांनी झग्याखालचा पाय आवरला आणि त्यांचे ओठ आवळले गेले. ते मी पाहिलं, आणि मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं. दादा, तो गर्व नव्हता. राजा थांबला तर गाव उपाशी थांबेल, एवढाच विचार होता. कर्तव्याने आंधळा झालेला माणूस मी पूर्वीही पाहिला आहे. पुढे लिहीत नाही.

अतिपोका फाटकात उभीच होती. “काय म्हणाले?”

“सर्वसाधारण चर्चा झाली.”

“तोंड बघूनच कळलं. आणि काय रे, तिथे गाळून प्यालास ना?”

“मी कोण आहे?”

“ते मला माहीत आहे. मी विचारलं ते वेगळं.”

एवढ्यात तिची दारू उतू गेली म्हणून कोणी हाक मारली, आणि मी त्या हाकेचा जन्मभर ऋणी राहीन असं मला त्या क्षणी वाटलं.

मासेमारीला दहा दिवस आहेत.

त्र्यंबक


नाबेरी, ३१ मार्च १९९८

दादा,

हे पत्र उभ्यानेच वाच. मी बसून लिहू शकत नाही आहे.

आधी एक नातं समजून घे, नाहीतर अतिपोका तुला उद्धट वाटेल. आपल्याकडे व्याही-विहिणी एकमेकांची उणीदुणी काढतात ना, तसं नातं दोन अख्ख्या जमातींत लावून बघ. एका बाजूला फ्राफ्रा, दुसरीकडे आमचे दागाबा. फार पूर्वी एका कुत्र्याच्या मुंडक्यावरून दोन पूर्वजांचं वाजलं. ते कोणी कोणाचं पळवलं याचा निकाल अजून लागलेला नाही, लागू नये हीच सर्वांची इच्छा. तेव्हापासून फ्राफ्राने दागाबाला चोर म्हणावं, गुलाम म्हणावं, भर बाजारात डोक्यावरची टोपी काढून न्यावी. दागाबाने दुप्पट परत करावं. रागावेल त्याची नाचक्की. मयताच्या घरीसुद्धा हे चालतं, तिथे तर जोरात. मी हे एकोणीस वर्षं करमणूक म्हणून पाहत आलो. ते औषध आहे हे मला काल कळलं.

काल सकाळी गाव तळ्याकाठी जमलं. टोपल्या, जाळी, लाकडी पट्ट्यांच्या वाद्याचा गजर. नाआ आले. पांढरा झगा, हातात काठी, चाल इतकी सावकाश की लंगडणं भारदस्तपणात खपून जावं. पाण्यापासून वीस पावलांवर अतिपोका वाटेत आडवी पडली. चक्क उताणी.

“कुठे निघालास रे, पळपुट्या?”

वाद्य थांबलं.

“माझ्या आज्याने तुझ्या आज्याला कुत्र्याच्या मुंडक्यावर विकत घेतला! तू माझा, तुझे पाय माझे. माझ्या मालाला चिखल लागलेला मला खपत नाही!”

“फ्राफ्रा बाई,” नाआ म्हणाले, “मुंडकं तुझ्या आज्याने चोरलं आणि माझ्या आज्याच्या हातात शेपूट ठेवलं. बाजूला हो, मासे म्हातारे होतायत.”

“नाही होत! बघा हो नाबेरीकरांनो, माझा गुलाम सडका पाय घेऊन माझ्या तळ्यात निघालाय! दोन वर्षं मी कोंबड्याआधी उठून याच्या गावाचं पाणी गाळतेय, आणि हा त्यात नारू सोडायला चाललाय!”

शब्द उच्चारला गेला. चारचौघांत, तळ्याकाठी, त्या पायाबद्दल. तीनशे माणसं, आणि एक शेळीदेखील ओरडेना. तिने उठून गाढवाची दोरी घेतली आणि राजाच्या घोट्याला गाठ मारली. गाठ तिने दोनदा ओढून बघितली, दादा. नातं कितीही जुनं असलं तरी हे कोणी कधी केलं नव्हतं. नाआ रागावले तर ते त्यांना शोभणार नाही, हे खरं. पण राजे न शोभणारं वागल्याची उदाहरणं तू मला पाठ करायला लावली होतीस.

नाआंनी काठीच्या टोकाने ती दोरी हलवून बघितली. मग म्हणाले, “दोरी चांगल्या पायाला बांधलीये हिने. फ्राफ्रांना पायही ओळखता येत नाहीत.”

तुझ्या ध्यानात आलं का? एक चांगला, तर दुसरा कसा? जे सात वडीलधाऱ्यांना आणि मला जमलं नाही, ते राजाने स्वतःच्या तोंडाने मान्य केलं, तेही तिची टर उडवत. असं हसू उसळलं की तळ्यावरचे बगळे उडाले.

“सोडवायचं काय घेशील?”

“एक गिनी कोंबडी. आणि किडा पूर्ण निघेपर्यंत माझ्या ओसरीवर बसायचं.”

“नाआ कुणाच्या ओसरीवर बसत नाही.”

“गुलाम बसतो.”

नाआ गाढवाच्या गाडीत चढले, कातडं अंथरून घेतलं आणि गाडीलाच सिंहासन करून टाकलं. एका वडीलधाऱ्याने विचारलं, “मग आधी कोणी उतरायचं?”

“माझी काठी लंगडत नाही,” असं म्हणून नाआंनी ती अतिपोकाच्या हातात दिली. “हिला बुडव, म्हणजे मी उतरलो. आणि परत आण. घेऊन पळशील तर तुझ्या आज्यावर जाशील.”

त्या बाईने दोन्ही हातांनी काठी पाण्यात उभी धरली. मग सारं गाव आरडाओरड करत तळ्यात शिरलं, आणि त्यातला एकही पाय संशयाचा नव्हता. मी या देशात चारशेच्या वर पंप बसवले. पण अभिमानाने छाती भरून आली ती ज्या कामात माझा काडीचा हात नव्हता, त्या कामाने.

त्र्यंबक


नाबेरी, १७ मे १९९८

दादा,

पोस्टकार्ड पोहोचलं. अकरा वर्षांनी दोन ओळी: ‘बाबांबद्दल तू बोललास ते खोटं नव्हतं. सभेत बोललास, ते चुकलं.’ पुढे सही. तुझ्या अक्षरातला ‘ल’ अजून तसाच पोक काढून उभा आहे.

तू जे दोन ओळींत मिटवलंस ते आता उघड लिहितो, म्हणजे आपल्या दोघांत तरी लपाछपी नको. त्रेपन्न साली बाबांच्या पायाला नारू होता. संध्या चुकायची नाही म्हणून ते रोज पायविहिरीच्या पायऱ्या उतरून पाण्यात उभे राहायचे. पुढच्या वर्षी आळीतली बावीस माणसं आजारी पडली, त्यात आपली आई. आणि अकरा वर्षांपूर्वी रजेवर आलो तेव्हा, बाबांची तसबीर लावण्याच्या सभेत, हार घातलेल्या तसबिरीसमोर उभं राहून, मी हे सगळं लोकांना सांगितलं. मला वाटलं मी सत्य बोलतोय. सत्यच होतं. पण बाबा वारलेले, तुझी मान खाली, आणि माझ्या बोलण्यात हसण्याची जागाच नव्हती. आपल्या आळीत बाबांच्या घोट्याला दोरी बांधू शकेल असं कोणी नव्हतं. सगळे त्यांना नमस्कार करणारे. मी बांधली, पण चौतीस वर्षं उशिरा. त्यात तू गुंतलास. चुकलंच माझं.

नाआंचा किडा सव्वीस एप्रिलला पूर्ण निघाला. जवळजवळ चार आठवडे ते अतिपोकाच्या ओसरीवर काडीभोवती तो रोज दोन बोटं गुंडाळत बसले आणि तिच्या गिऱ्हाइकांचे तंटे सोडवत राहिले. दारूचा खप वाढला. शेवटी तिने बाजारात डांगोरा पिटला, “दोन हात चार बोटं!” नाआंनी तिला दुरुस्त केलं, “पाच. नाबेरीत याहून लांब कुणाचा नव्हता.” त्यानंतर गावात एकही नारू नाही. इथून पुढचा प्रत्येक महिना आमचा.

आता तुझ्याशी लपाछपी नको म्हणालोच आहे, तर ऐक. नाआंच्या घरी मी पीठपाणी घेतलं ते गाळलेलं नव्हतं. घरातले सगळे घडे फडक्याने बांधलेले असतात. पण दारातला घडा पूर्वजांचा. त्याचं तोंड बांधत नाहीत. घरचं कोणी त्यातलं पीत नाही, फक्त मानाच्या पाहुण्याला देतात. माझ्या खिशात फडकं होतं. राजाला उपदेश करायला आलेल्याने राजाच्या पूर्वजांचं पाणी गाळून घ्यायचं? मला धीर झाला नाही. तेव्हा पुढच्या मे महिन्यापर्यंत मला माझ्या पायांवर नजर ठेवायची आहे. हे इथे कोणालाच सांगितलेलं नाही. ज्याने घरोघर फडकी वाटली त्याने ही कथा कोणत्या तोंडाने सांगायची? तूही कोणाला सांगू नकोस. सांगायला तुझ्याकडे फ्राफ्रा नाहीत, ही त्यातल्या त्यात सोय.

त्र्यंबक


नाबेरी, २३ ऑगस्ट १९९८

दादा,

तुझं दुसरं कार्ड. या खेपेला एकच ओळ: ‘त्या बाईला सांग.’ ओळींची संख्या अशी निम्मी होत गेली तर पुढच्या वेळी मला अर्ध्या ओळीचा अर्थ लावावा लागेल.

सांगितलं. एकांतात गाठून, खाली मान घालून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं, दारूचा तुंबा खाली ठेवला आणि थेट बाजारात गेली. मी मागून धावलो.

“ऐका हो! फडकीवाला फडकं खिशात ठेवून पाणी प्याला!”

“अतिपोका, मी दागाबा नाही. माझी थट्टा करायचा तुला हक्क नाही.”

“नाही कसा? एकोणीस वर्षं यांचा काळा घाटा खातोस आणि तुझ्याच पंपाला शिव्या देतोस. याहून दागाबा कसा असतो? नाआ, हा तुमचा ना?”

नाआ सावलीत बसले होते. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. “माल चांगला नाही,” ते म्हणाले. “पण आमचाच.”

एकोणीस वर्षांत मला कोणी काही दिलं असेल तर हे. दोन शब्दांसाठी मला खाली बघावं लागलं, डोळे लपवायला. अतिपोका म्हणाली, “रडतोय बघा, पाणी गाळून घ्या रे!”

तेव्हापासून माझे पाय ही नाबेरीची सार्वजनिक मालमत्ता आहे. रोज सकाळी मी पंपाकडे निघालो की बायका मला पायजमा वर करायला लावतात. घोटा बघतात, पोटरी बघतात, शेरे मारतात. “बगळ्याला बरे असतात याहून.” “किड्याला राहायला जागा कुठे आहे?” या दोन महिन्यांत माझ्या पायांवर जितकं वाङ्मय निर्माण झालं तितकं काही राजवंशांवर झालेलं नाही.

आणि पूर्वजांचा घडा. मी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. नाआ आपणहून म्हणाले, “पूर्वजांना विचारलं. तोंड बांधलेलं त्यांना आवडत नाही. पण लोखंडाची चव चालते म्हणतात.” आता तो घडा माझ्या पंपाच्या पाण्याने भरतात. जिवंत माणसांनी नाकारलेल्या पाण्याला मृतांची पसंती मिळाली. मी समाधानी आहे.

मे, जून, जुलै, ऑगस्ट: एकही नाही.

त्र्यंबक


नाबेरी, ११ फेब्रुवारी १९९९

दादा,

तुझं चार पानी पत्र मिळालं. त्यातल्या माझ्या व्याकरणाच्या सात चुका मान्य, आठवी नाही. त्यावर पुढे कधीतरी भांडू. आज दुसरंच लिहायचं आहे.

बारा दिवस मी दक्षिणेकडच्या गावांत पंप दुरुस्त करत होतो. काल परतलो. आज सकाळी नेहमीप्रमाणे पायांचं दर्शन झालं. डाव्या टाचेमागे सोललेली जागा होती. मला वाटलं बुटाने चावलंय. अतिपोका वाकली, अंगठ्याने कड दाबली, आणि पांढऱ्या दोऱ्याचं टोक वर आलं.

ती हसली नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.

“फोड कधी फुटला?”

“माहीत नाही. बूट घातले होते.”

“तिकडे पाण्यात उतरलास कुठे?”

“तिकडे नाही. तिकडे पंपच होते.”

“आणि इथे?”

आणि इथे, निघायच्या दिवशी, शनिवारी सकाळी, तळ्याच्या गाळात एक वासरू रुतलं होतं. दर सहा दिवसांनी भरणारा बाजार नेमका त्या दिवशी असल्याने काठावर पहाऱ्याची एकच म्हातारी होती, ती मदतीला माणूस बघायला वर गेलेली. मी गुडघाभर पाण्यात शिरून वासराला ढकललं. विचार केला नाही. टाच तेव्हा धड दिसत होती, किंवा मी पाहिली नाही.

हे मी सांगितलं. लगेच, ओसरीवरच, सगळं. लगेच सांगण्याचं श्रेय तुझ्या त्या एका ओळीला.

मग जे झालं ते तुला सांगायला हवं, कारण हे मी पुन्हा कधी पाहीन असं वाटत नाही. मला कोणी बोल लावला नाही. अतिपोकाने नुसती हाक दिली आणि बायका घागरी पालथ्या घालून तळ्याभोवती बसल्या, एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून. न गाळलेला थेंब कोणाच्या पोटात जाणार नाही, गाळलेलाही आज नको, पंपाचं प्या. ज्या पंपाच्या नावाने बोटं मोडली त्याच्यासमोर आता साठ घागरींची रांग आहे, आणि त्यात एकही तक्रार नाही. शाळामास्तर मोटरसायकल घेऊन जिल्ह्याच्या गावी औषध आणायला गेला. नारूच्या अळ्या पाण्यातल्या बारीक जिवांच्या पोटात गेल्या की पिकायला चौदा दिवस घेतात. आज बारावा. परवापर्यंत तळ्यात ते जीव मारणारं औषध पडलं तर काही बिघडत नाही. काठच्या लव्हाळ्यांच्या कोपऱ्यातही पडलं पाहिजे. तिकडे पुरुषांनी सकाळपासून लव्हाळे कापायला घेतले आहेत.

यंदा पाणी लवकर आटलं म्हणून पुढच्या शुक्रवारीच मासेमारी होती. यंदा नाआ स्वतःच्या पायाने उतरणार होते. गेले दोन महिने ते काठीशिवाय चालून दाखवत होते. ते आले, माझ्या टाचेकडे पाहिलं, आणि गावाला म्हणाले, “यंदा तळं बसलं आहे.” राजा आजारी पडला की म्हणतात तोच शब्द. मासेमारी रद्द, तीही अशा शब्दांत की कोणाला माझं नाव घ्यायची गरज पडू नये. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “माझ्याहून लांब निघता कामा नये, सांगून ठेवतो.”

मी अतिपोकाच्या ओसरीवर बसलो आहे, जिथे ते बसले होते. पाय कोरड्या बादलीत, पट्टी बांधलेली. तीनशे सव्वीस माणसांनी वर्षभर न चुकता पाणी गाळलं. न गाळणारा एक निघाला, तो संस्कृत शिकलेला. या गावचा मला इतका अभिमान वाटतो की स्वतःची लाज वाटायलाही जागा उरत नाही. किडा निघेल, मी बरा होईन, त्याची मला चिंता नाही. मास्तर दुपारपर्यंत येतो म्हणाला होता. आता उन्हं कलली आहेत. उशीर होतो, रस्ता तसाच आहे, उद्याचा दिवस हातात आहे.

सगळे मला एकच विचारतात, नाआसुद्धा, आणि मी त्यांना विनोद करून टाळतो. तुला टाळत नाही. त्या शनिवारी पाण्यात शिरलो तेव्हा टाच जळजळत होती का, मला आठवत नाही. वासरू आठवतं, गाळ आठवतो. पण दादा, गार पाणी लागल्यावर पायाला बरं वाटलं होतं, एवढं आठवतं.

त्र्यंबक